बाराव्या नळीला न्याय

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर कुरकुरते, पण नमस्कारात कसूर केलेली नाही.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तू, भाऊजी आणि तुझा तो गुडघा, तिघांचीही खुशाली कळव. मागच्या पत्रात तू गुडघ्याला अडीच पानं दिलीस आणि भाऊजींना दीड ओळ, त्यावरून भाऊजी ठणठणीत असावेत असा निष्कर्ष मी काढला आहे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसशील. ते का करावेत यावर मी चार पानं लिहिली होती, ती ही म्हणाली म्हणून फाडली.

सात आठवडे माझं पत्र नाही, म्हणून तू मनात काय काय रचलं असशील याची मला कल्पना आहे. त्यातच तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा आमच्या हिने "ते हल्ली बोलत नाहीत" एवढंच सांगून तो ठेवला. तू साहजिकच समजलीस की मी तुझ्याशी बोलत नाही, आणि माझ्या लहानपणापासूनच्या अपराधांची यादी भाऊजींना ऐकवली असशील. अक्का, मी तुझ्याशीच काय, कोणाशीच बोलत नव्हतो. एकोणीस दिवस. हे वाचून तू चष्मा पुसशील. पूस आणि पुन्हा वाच. ज्याने पस्तीस वर्षं व्यासपीठं गाजवली, अध्यक्षांनी थांबवायला घंटा वाजवली तर जो घंटेच्या इतिहासावर बोलू लागे, तो तुझा भाऊ एकोणीस दिवस तोंडातून अवाक्षर न काढता जगला. शिवाय त्याने मिशा काढल्या. कारण सांगतो, पण ते रांगेने सांगावं लागेल, नाहीतर तू मध्येच कोणाचा तरी पक्ष घेशील आणि तो बहुधा माझा नसेल.

सूनबाई काय करते हे मी तुला आजवर दोन प्रकारे सांगितलं आहे. लग्नाआधी सांगितलं ते असं, की ती निसर्गाच्या मूळ मजकुरात खाडाखोड करणाऱ्यांच्या टोळीतली आहे. (त्या टोळीविरुद्ध मी पंधरा वर्षं सभा घेतल्या होत्या, आणि चिरंजीवांनी नेमकी तिथलीच मुलगी पसंत करावी यात मला कट दिसला होता. मुलीकडची मंडळी पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी या विषयावर फक्त पाच मिनिटं बोलणार होतो. पंचेचाळीस झाली. शेवटी तिने शांतपणे दोन शंका विचारल्या. त्यांची उत्तरं मी अजून शोधतो आहे.) लग्नानंतर सांगितलं ते असं, की ती प्रयोगशाळेत काहीतरी करते आणि संध्याकाळी दमून येते. दोन्ही वर्णनं अपुरी होती, कारण दोन्ही वेळा मी तिला विचारलं नव्हतं.

आता विचारून लिहितो. तुझ्या-माझ्या प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो. सगळा उलगडून सरळ धरला तर दोन मीटर भरेल, आणि तो जिथे मावतो ती जागा डोळ्यांना दिसतही नाही. आपण कसं असावं याचा सगळा मजकूर त्यावर. पण हा मजकूर कुठल्या तिजोरीत सुरक्षित नाही. उन्हाने, धुराने, पेशीच्या आतल्याच धगीने त्याला रोज हजारो ठिकाणी इजा होते. हजारो, अक्का, आणि एकेका पेशीत! कडक ऊन लागलं की धाग्यातली शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटून बसतात, जशी सभेत शेजारी बसलेली दोन माणसं गप्पांत गुंतली की पुढचं कामकाज अडतं. मग दुरुस्तीवाले येतात. एक रेणू धाग्यावरून तपासत जातो, अडखळला की थांबतो. दुसरा येऊन बिघडलेला तुकडा दोन्ही बाजूंनी कापून काढतो, तिसरा समोरच्या जोडीच्या धाग्यावर बघून बरोबर अक्षरं भरतो, आणि चौथा सांधा पक्का करून निघून जातो. ठराव नाही, अनुमोदन नाही, आभारप्रदर्शन तर नाहीच. मी पस्तीस वर्षं सुधारणा या विषयावर बोललो, आणि तेवढ्या काळात माझ्या एका करंगळीत ज्या सुधारणा कोणीही न बोलता झाल्या, त्यांची गणती करायला कागद पुरणार नाही. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस जेवताना गप्प होतो. (हे ते एकोणीस दिवस नव्हेत, ते वेगळे.)

यात सूनबाईचा वाटा असा. शेवाळात एक प्राणी राहतो, त्याला पाणअस्वल म्हणतात. आकाराने या पूर्णविरामाएवढा, पाय आठ, चाल एखाद्या जड अध्यक्षासारखी. वाळवा, गोठवा, कडक किरणांखाली धरा, हा पठ्ठ्या पुन्हा पाणी मिळालं की चालू लागतो. त्याच्या पेशींत एक प्रथिन असतं, ते डीएनएच्या धाग्यावर पांघरुणासारखं बसतं, म्हणजे दुरुस्तीची पाळीच कमी यावी. सूनबाईने त्या पांघरुणाचं जनुक काढून पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये बसवलं. आता ते पांघरूण घेतलेलं यीस्ट अतिनील दिव्याखाली साध्या यीस्टपेक्षा जास्त तग धरतं का, हा तिचा प्रश्न. सहा वर्षं एवढा एकच प्रश्न. (मी एका भाषणात आठ प्रश्न सोडवत असे.) प्रबंध या महिनाअखेर गेला नसता, तर तिच्या मार्गदर्शक निवृत्त, नवे मार्गदर्शक, नवी नोंदणी आणि सहा वर्षांवर पाणी, अशी स्थिती होती. या मार्गदर्शकांना तिथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने त्या तुझ्या खांद्याला लागतील.

मी तिथे पोचलो तो विरोध करायलाच. प्रयोगशाळेतली मदतनीस दुसरीकडे नोकरी लागून गेली, माणसं कमी पडली, आणि जनुकासाठी लागणाऱ्या पाणअस्वलांपायी सूनबाई सकाळी लवकर उठून भिंतींवरचं शेवाळ खरवडून आणू लागली. ते पाहून मी म्हटलं, मी आणतो. मनात असं, की शत्रूच्या गोटात शिरावं आणि आतून पाहून मग बोलावं. इमारतीच्या मागे सायकली ठेवण्याच्या जागेजवळ कायम ओलसर असलेली एक भिंत आहे, तिथलं शेवाळ उत्तम. ते पाण्यात भिजवायचं, पिळायचं, खाली बसलेला गाळ बशीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि काचेच्या बारीक नळीने पाणअस्वलं एकेक करून उचलायची. पहिल्याच दिवशी एक अस्वल माझ्यासमोर हिरव्या पानाच्या कडेवरून चालत आलं, थांबलं, आणि आठांपैकी दोन पाय उचलून उभं राहिलं. अक्का, माझा विरोध तिथेच बसला. मागे घेतलेला नाही. बसला आहे. महिन्याभरात तासाला चाळीस अस्वलं उचलण्यात माझा हात कोणी धरेना. तेव्हा दुपारची एक जबाबदारीही मोठ्या बाईंनी माझ्यावर सोपवली, आणि तिथून पुढे सगळं बिघडलं.

जबाबदारी साधी होती. दिव्याखाली यीस्ट ठेवण्याआधी त्यात पांघरुणाचं जनुक खरोखर बसलं आहे ना, हे दर खेपेला तपासावं लागतं. त्यासाठी कडधान्याच्या दाण्याएवढ्या बारा नळ्या. सूनबाई त्यांत थेंबथेंब द्रव भरून त्या माझ्या टेबलावर ठेवी आणि पुढच्या कामाला जाई. मी झाकणं लावून त्या प्रती काढणाऱ्या यंत्रात ठेवायच्या. हे यंत्र शोधलेल्या तुकड्याच्या लाखो प्रती काढतं, म्हणजे तो तुकडा नखाएवढाही असला तरी लपत नाही. मग ते पाणी जेलच्या, म्हणजे खरवसासारख्या थलथलीत लादीत सोडून वीज दिली, की जिथे तुकडा असेल तिथे एक चकाकणारी रेघ उमटते. नळ्यांबरोबर एक कागद येई. एक ते अकरापुढे यीस्टच्या वाणांचे क्रमांक. बारापुढे लिहिलेलं असे, "नुसतं पाणी".

नुसतं पाणी! अकरा नळ्यांना वाटा आणि बारावीला पाणी! पहिल्या दिवशी मला वाटलं, घाईत राहिलं असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की ही चूक नसून पद्धत आहे. रांगेत शेवटी उभं राहिलेल्याच्या वाट्याला पाणी येतं, हे मी आयुष्यभर व्यासपीठांवरून ओरडून सांगितलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच सुनेच्या टेबलावर तेच चाललं होतं. मला वाटलं, पोर दमलेली आहे, माल कमी पडतो आहे, सांगायला संकोचते आहे. मग मी काय करावं? मी नवं टोक लावून पिपेट, म्हणजे थेंब उचलायची नळी, घेतलं, (स्वच्छतेत माझ्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती) अकराव्या नळीतून अर्धा थेंब उचलला, बाराव्या नळीत सोडला, झाकण लावलं आणि यंत्र सुरू केलं. रोज. आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. गाजावाजा केला तर त्या पोरीला कमीपणा, असं मला वाटलं. आयुष्यात एकच चांगली गोष्ट मी तिच्यावर भाषण न करता केली, अक्का, आणि तीच नडली.

पुढच्याच आठवड्यात सूनबाईचा चेहरा उतरला. प्रयोगात कुठूनतरी घाण शिरते आहे, एवढं माझ्या कानावर आलं. नेमकी कुठे, हेही ती जेवणाच्या टेबलावर सांगत होती, पण त्या वेळी मी स्वच्छतेवर बोलत होतो. मग सगळं बदलणं सुरू झालं. पाण्याच्या बाटल्या फेकल्या, नव्या आणल्या. द्रव फेकले, नवे बनवले. टेबलं धुतली, पिपेटं सुटी करून धुतली, खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. धुण्यात मीच पुढे होतो. हाताला फोड आले, आणि दर दुपारी तेवढ्याच निष्ठेने मी बाराव्या नळीचा अर्धा थेंबही चुकवला नाही. दर संध्याकाळी लादीवर रेघा उमटायच्या, मोठ्या बाई त्या बघायच्या आणि म्हणायच्या, "दिवा लावायचा नाही." ही नळ्यांची परीक्षा निर्मळ उतरल्याशिवाय अतिनील दिव्याच्या कपाटाची किल्ली द्यायची नाही, असा त्यांचा नेम आहे. कॅलेंडरवर महिनाअखेर सरकत आली. सूनबाई चहाचा कप हातात धरून तो प्यायचं विसरू लागली.

चौथ्या आठवड्यात मोठ्या बाईंनी तारखा लावून पाहिल्या. घाण कधीपासून येते? सासरेबुवा नळ्यांपाशी आले तेव्हापासून. त्यांनी मला समोर बसवलं. "साहेब, सकाळी पाणअस्वलांच्या बशीवर तोंड करून तुम्ही बोलता?" मी म्हटलं, बोलतो, त्यांना सवय आहे. "कशावर बोलता?" म्हटलं, काल स्वातंत्र्यावर बोललो. "बोलताना पाणी उडतं. बशीतलं तुमच्या मिशांवर, आणि दुपारी त्याच मिशांवरून नळ्यांत. त्या अस्वलांत हे जनुक आहेच. अजून काही सांगायला हवं?" अक्का, मी उठून उभा राहिलो. माझ्या वाणीवर आजवर पुष्कळ आरोप झाले, पण ती ओली आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. मी बारा मिनिटं बोललो. बाईंनी मधल्या वेळात टेबलावर काळा कागद पसरून ठेवला होता. माझं संपल्यावर त्यांनी तो दिव्याखाली धरला. त्यावरचे ठिपके मी मोजले नाहीत.

त्या संध्याकाळी मी मौन धरलं आणि मिशा काढल्या. एकतीस वर्षांच्या मिशा! न्हाणीघरातून बाहेर आलो तर आमची ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ओठ एवढे पातळ आहेत होय. तरीच शब्द कुठे अडत नाहीत." बोलण्याऐवजी मी पाटी घेतली. पण घरात पाटीचा उपयोग होईना. मी काही लिहून हिच्यापुढे धरलं की हिला चष्मा सापडत नसे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, योगायोग. दुसऱ्या आठवड्यात चष्मा तिच्या डोक्यावर दिसला. तिकडे प्रयोगशाळेत मी नाकातोंडाला पट्टी बांधून नळ्यांची झाकणं लावत राहिलो, कारण माणसं कमी होती आणि माझे हात, बाईंच्या शब्दांत, "तोंडापेक्षा विश्वासू" होते.

आणि रेघ उमटतच राहिली! कबूल करतो, पहिल्या दिवशी मला आत कुठेतरी उकळ्या फुटल्या. माझं वक्तृत्व निर्दोष सुटलं होतं. मी पाटीवर "सत्यमेव" एवढं लिहून मोठ्या बाईंपुढे धरली. त्यांनी पाटीकडे पाहिलं, सूनबाईकडे पाहिलं, आणि मला पाटी खाली ठेवायला खूण केली. मी सूनबाईकडे पाहिलं. उंच स्टुलावर पाय वर घेऊन ती बसली होती आणि नव्याकोऱ्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत होती. मग मला उकळ्या फुटल्या नाहीत.

मौनाच्या एकोणिसाव्या दिवशी ती दुपारीच माझ्यापाठोपाठ घरी आली. बूट न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसली. (आमच्या हिने बुटांबद्दल काही म्हटलं नाही, यावरून तुला प्रसंग कळेल.) उद्या बाईंना सांगते, म्हणाली, की या वर्षी प्रबंध होत नाही. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पाटी घेऊन होतो. ही धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालता घालता हिने विचारलं, "मला एक सांग. एवढ्या नळ्या तुमच्या, त्यातली कुठली बिघडते म्हणायची?"

"बारावी, आई. ती रिकामी असते. नुसतं पाणी."

"मग रिकामी ठेवताच कशाला? धुवायला एक जास्त."

"ती रिकामीच निघायला हवी असते. तीच आमची साक्षीदार. तिच्यात काही नाही म्हटल्यावर बाकीच्या अकरांचं खरं मानायचं. तिच्यात रेघ आली की सगळ्या खोट्या."

अक्का, मौनाचा एक तोटा मला आधीच कळला होता, की आपलं कोणी ऐकत नाही. दुसरा त्या क्षणी कळला. आपल्याला ऐकू येतं. हे वाक्य तिने सहा आठवड्यांत या घरात निदान दहा वेळा उच्चारलं असेल, आणि दर वेळी त्याच्या अर्ध्यावर मी सुरू झालो असेन. मी पाटीवर लिहिलं आणि हिच्यापुढे धरलं. "चष्मा..." असं म्हणत हिने माझा चेहरा पाहिला आणि पाटी सूनबाईकडे दिली.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. "बाबा, बाराव्या नळीत तुम्ही घालत होता? काय घालत होता?"

एकोणीस दिवसांनी मी बोललो, आणि पहिलंच वाक्य असं, "अकरावीतला अर्धा थेंब. तिला काहीच नव्हतं ना."

तिने डोकं टेबलावर टेकवलं. खांदे हलू लागले. मी हिच्याकडे पाहिलं, की जा, पोर रडते आहे. ही म्हणाली, "रडत नाहीये." आणि खरंच ती हसत होती, हसताहसता रडली आणि पुन्हा हसली, आणि मग म्हणाली, "बाबा, रोज? सहा आठवडे? एकही दिवस न चुकता?" मी म्हटलं, रविवार सोडून. त्यावर ही घडी घातलेला टॉवेल तोंडात धरून आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंपुढे मी स्वतः गेलो. सूनबाई म्हणत होती, मी सांगते. मी म्हटलं, नाही. दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी कपाटातून बाराव्या नळ्यांचे सगळे फोटो काढून ओळीने टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, "तेहेतीस खेपा आणि प्रत्येक खेपेला सारखीच जाड रेघ. मी म्हणतच होते, इतकी प्रामाणिक घाण मी आयुष्यात पाहिली नाही." मग चष्मा काढून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही जगभर समता आणा, माझी हरकत नाही. माझ्या नळ्यांत आणू नका."

त्याच दुपारी बारा नळ्या पुन्हा भरल्या. मी दाराबाहेर बाकावर बसलो, दोन्ही हात खिशात. दोन तासांनी आतून हाक आली. लादीवर अकरा रेघा झळकत होत्या, आणि बाराव्या घरात काळोख होता. नुसता स्वच्छ काळोख! मी आजवर पुष्कळ टाळ्या घेतल्या, पण काहीही न दिसण्याबद्दल टाळ्या वाजवल्या त्या पहिल्यांदाच. बाईंनी किल्ली दिली. दहा दिवस दिवा चालला. साध्या यीस्टच्या बशा किरणांनंतर जवळजवळ ओस पडल्या, तगलेल्या यीस्टचा एखाददुसरा पांढरा ठिपका. पांघरूणवाल्या बशा ठिपक्यांनी गजबजलेल्या. मोजायला मी होतो (बशा बंद, मी पट्टी बांधून, आणि सूनबाईने तेच ठिपके माझ्यानंतर स्वतः मोजले, याबद्दल माझी तक्रार नाही). महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी प्रबंध गेला. त्या दिवशी तिने चहा गरम असताना प्यायला.

माझं म्हणशील तर मी सुखात आहे. नळ्यांच्या खोलीत मला आता प्रवेश नाही, आणि मला त्याचं वैषम्य नाही. शेवाळाची खोली माझी आहे. खिडकीत ऊन येतं, बशीत अस्वलं चालतात, ती वाळली तर मी पाणी घालतो आणि ती पुन्हा चालू लागतात. जनुकांत हात घालण्याला माझा जो पंधरा वर्षांचा विरोध, तोही मी सोडलेला नाही. फक्त आधी विचारून मग विरोध करायचा, एवढी दुरुस्ती त्यात केली आहे. आणि बोलण्याची हौस तर आता माझी मी फेडून टाकली आहे. माणसाने ऐकावं, अक्का. ऐकण्यात फार मोठा आनंद आहे. या वयात मला तो सापडला, आता काही मागणं उरलं नाही. भाऊजींना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुझा,
धाकटा

ता. क. मिशा पुन्हा ठेवतो आहे. सध्या त्या रागावलेल्या ब्रशसारख्या दिसतात.

ता. क. दुसरा. काही मागणं उरलं नाही असं वर लिहिलं, ते तेवढ्यापुरतं खरं होतं. पुढच्या पंधरवड्यात गुरुवारी सूनबाईची तोंडी परीक्षा आहे. ती खुल्या सभागृहात होते, आणि बाहेरचे परीक्षक संपले की सभागृहातल्या कोणालाही प्रश्न विचारता येतो. हा नियम मला कोणी सांगायला नको होता. मी एक प्रश्न तयार केला आहे. तो सध्या बावीस पानांचा आहे. सूनबाईने मला काहीही बजावलेलं नाही, ती फक्त म्हणाली, "बाबा, तुम्ही शेवटच्या रांगेत बसाल ना?" आमची ही तिच्या आईशेजारी पुढे बसणार. म्हणते, एक दिवस तरी मला ऐकू दे. तेव्हा तू ये. मला गप्प बसवू शकणारी हयात व्यक्ती एकच आहे. माझ्या उजव्या बाजूला बस आणि माझा हात वर जाऊ लागला की धरून ठेव. सभागृहाला पायऱ्या नाहीत, मी गुडघ्यासाठी मुद्दाम पाहून आलो आहे.

ता. क. तिसरा, आणि हा भाऊजींना दाखवू नकोस. प्रबंधाच्या एकशे चाळिसाव्या पानावर तिने लिहिलं आहे, की सुरुवातीच्या तेहेतीस खेपा "हाताळणीतील मानवी चुकीमुळे" बाद धराव्या लागल्या. मी तिला म्हटलं, माणसाला नाव असतं, नातं असतं, लिही. ती म्हणाली, प्रयोग माझा, तर चूक माझी. परीक्षकांपैकी एक गृहस्थ फार कडक आहेत असं ऐकतो. त्यांनी ते पान उघडून ही चूक कोणाची असं विचारलं, तर ती तिथे उभं राहून "माझी" म्हणेल, आणि सहा वर्षांच्या कामावर तेवढा डाग घेईल. तसं झालं तर अक्का, माझा हात सोड. मी उठून दोन वाक्यं बोलेन. ती मी पाठ केली आहेत, एकूण तेरा शब्द आहेत. तिसरं वाक्य सुरू झालं की कोट धरून मला खाली ओढ. जोरात ओढ. कोट फाटला तर फाटू दे.